स्लेटच्या छपराखालचं छप्पर : रीप आणि अस्तर

घराच्या बांधणीवर बोलता बोलता आज आपण छपरापाशी आलो आहोत. त्यातही छपराचा जो भाग रस्त्यावरून दिसतो, तो आज थोडा बाजूला ठेवायचा आहे. स्लेटचं छप्पर पाहिलं की सगळे दगडाचं कौतुक करतात, त्याचा करडा-जांभळा रंग, पावसात येणारी चमक वगैरे. कौतुक रास्तच आहे. पण त्या दगडाच्या खाली दोन स्वस्त वस्तू असतात : वाशांवर आडव्या ठोकलेल्या लाकडी रिपा आणि रिपांच्याही खाली अंथरलेलं अस्तर, ज्याला इंग्रजी बांधकामात अंडरले म्हणतात. छप्पर गळेल का आणि किती वर्षं टिकेल, हे बऱ्याच अंशी या दोन वस्तू ठरवतात. आणि एकदा दगड चढले की दोन्ही डोळ्यांआड जातात.

आपल्या श्रोत्यांपैकी काही मंडळी ब्रिटनमध्ये राहतात, जुन्या ओळीच्या घरांमध्ये. तिथं छप्पर बदलायची वेळ आली की ठेकेदाराचा कागद हातात येतो आणि त्यात एक ओळ असते : 'नव्या रिपा आणि नवं ब्रीदेबल मेम्ब्रेन'. आज आपण ती एक ओळ सोडवून पाहणार आहोत. आकडे ब्रिटिश पद्धतीचे घेऊ, कारण स्लेटचं काम तिथं सर्वांत तपशिलात लिहून ठेवलेलं आहे. बीएस ५५३४ नावाचं त्यांचं मानक आहे, त्यात रिपांपासून खिळ्यांपर्यंत सगळं येतं.

आधी दगडाविषयी थोडक्यात. स्लेट म्हणजे आपल्या लहानपणच्या पाटीचाच दगड. चिखलाचे थर पृथ्वीच्या पोटात दाबले जाऊन असा दगड होतो, की छिन्नी योग्य ठिकाणी लावली तर त्याचे पातळ, सपाट पापुद्रे निघतात. वायव्य वेल्समध्ये, बेथेस्डाजवळच्या पेनरिनसारख्या खाणींमधून हा दगड जगभर गेला. २०२१ साली तो सगळा खाणींचा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. या दगडाच्या मापांना तिथं राजघराण्यातली नावं आहेत, एम्प्रेस, डचेस, काउंटेस, लेडी. काउंटेस म्हणजे वीस इंच बाय दहा इंच. आजच्या मापात तिची जागा ५०० बाय २५० मिलिमीटरच्या दगडानं घेतली आहे. आपण आज हीच काउंटेस घेऊन हिशेब करू.

आता आपल्या ओळखीच्या कौलाशी तुलना करून बघू. मंगलोरी कौल आठवा. बासेल मिशननं १८६५ साली मंगलोरला कारखाना काढला, आणि तिथून ते कौल आपल्या कोकणात, गोव्यात, देशावर सगळीकडे आलं. या कौलाच्या पाठीला खालच्या बाजूनं दोन कान असतात. ते कान रिपेवर अडकतात. कडांना खोबणी असतात, त्या शेजारच्या कौलात बसतात. म्हणजे कौल स्वतःच थोडं शहाणं आहे : कुठं अडकायचं आणि पाणी कुठून न्यायचं हे त्याच्या आकारातच आहे. म्हणून कौलावर कौल थोडंसंच चढवलं तरी चालतं.

स्लेटकडे यातलं काहीच नाही. ना कान, ना खोबण. निव्वळ सपाट फरशी. दोन दगड शेजारी ठेवले की मधे उघडी फट राहणार, आणि त्या फटीतून पाणी खाली जाणारच. मग स्लेटचं छप्पर गळत का नाही? कारण फटीच्या खाली दुसऱ्या दगडाचा मध्य येईल, अशी रचना केलेली असते. भिंतीत विटांचे सांधे चुकवतात, तसेच इथं चुकवतात. आणि उताराच्या दिशेनं प्रत्येक दगड आपल्या खालच्या ओळीवरच नव्हे, तर तिच्याही खालच्या ओळीच्या माथ्यावर थोडा चढलेला असतो. पहिल्या ओळीच्या माथ्यावर तिसऱ्या ओळीचं शेपूट किती येतं, याला हेडलॅप म्हणतात. आपण त्याला 'माथ्याचा चढ' म्हणू. छपरावर कुठंही बोट ठेवा, खाली किमान दोन दगड असतात, आणि या चढाच्या पट्टीत तीन.

हा चढ किती ठेवायचा? उतार आणि पावसाचा मारा बघून साधारण ७५ ते १०० मिलिमीटर, आणि आडोसा नसलेल्या जागी त्याहून जास्त. कारण समजून घ्या. दोन सपाट दगड एकमेकांना टेकले की मधल्या बारीक फटीत पाणी वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. उतार उभा असेल तर पाण्याचं वजन त्याला खाली ओढतं. उतार पडका असेल तर पाणी फटीत रेंगाळतं, वर सरकतं आणि आडवंही पसरतं, आणि मग ते खिळ्याच्या भोकापर्यंत पोचतं. म्हणून उतार जितका कमी तितका चढ जास्त आणि दगडही रुंद लागतो. साधारण २० अंशांच्या खाली स्लेट लावूच नये, असं मानतात.

आणि इथून रिपांचं गणित सुरू होतं. सूत्र सोपं आहे : दगडाच्या लांबीतून चढ वजा करा आणि दोनानं भागा. ५०० मधून १०० गेले, राहिले ४००, त्याचे निम्मे २००. म्हणजे एका रिपेच्या वरच्या कडेपासून पुढच्या रिपेच्या वरच्या कडेपर्यंत २०० मिलिमीटर. हे दगडाच्या मध्याच्या आसपास खिळा मारायचा असेल तर. अगदी माथ्याशी खिळा मारायचा असेल, तर दोनानं भागायच्या आधी आणखी २५ वजा करतात. मोठ्या दगडाला मध्याशी खिळा मारणंच बरं, कारण माथ्याशी धरलेला लांब दगड वाऱ्यात तरफेसारखा उचलला जातो.

प्रत्यक्षात छप्पर २०० च्या पाढ्यात कधीच बसत नाही. समजा सगळ्यात खालच्या मुख्य रिपेपासून आढ्याजवळच्या शेवटच्या रिपेपर्यंत ४५०० मिलिमीटर अंतर आहे. २०० नं भागलं तर साडेबावीस. आता साडेबावीस ओळी कशा करणार? बावीस केल्या तर रिपा लांब जातील आणि चढ कमी होईल. म्हणजे छप्पर उघडं पडलं. तेवीस कराव्या लागतात. मग अंतर येतं १९५.६ आणि चढ १०० चा होतो सुमारे १०९. एका ओळीचे दगड जास्त लागतात, पण सुरक्षितता वाढते. नियम असा की अंतर कमी करायला मुभा आहे, वाढवायला अजिबात नाही. जो मिस्त्री खालून वर २००-२०० नं ठोकत जातो आणि आढ्याशी उरलेली अर्धी ओळ 'काढून घेऊ' म्हणतो, त्यानं हिशेब शेवटावर ढकललेला असतो. आढ्याशी वारा सगळ्यात जास्त उचलतो, आणि नेमका तिथंच तुटका, आखूड, एका खिळ्यावरचा दगड येतो.

म्हणून आखणी आधी. दोन्ही टोकांच्या वाशांवर खुणा करायच्या, दोरीला रंग लावून सूत मारायचं, मगच खिळा. त्याच्याही आधी छपराचं पाखं काटकोनात आहे का ते बघायचं : कोपऱ्यापासून एका बाजूला तीन हात, दुसऱ्या बाजूला चार हात, तिरपं अंतर पाच हात भरलं पाहिजे. जुनी घरं क्वचितच काटकोनात सापडतात. तिथं वळचण धरून चालायचं की आढं, हा निर्णय मिस्त्रीला आधीच घ्यावा लागतो. आमच्या मते वळचण धरावी आणि वाकडेपणा वर थोडा थोडा वाटून टाकावा.

आता रीप स्वतः. वासे ६०० मिलिमीटरपर्यंत अंतरावर असतील, तर स्लेटसाठी ५० मिलिमीटर रुंद आणि २५ जाड रीप धरतात. लोकांना वाटतं, एवढी कशाला, दगड तर पातळ आहे. पण रिपेवर दगडाच्या आधी माणूस चढतो. काम खालून वर जातं : अस्तराची एक पट्टी, तिच्यावर रिपा, त्या रिपांवर पाय ठेवून पुढची पट्टी. म्हणजे छप्पर होईपर्यंत रीप ही शिडी असते. मधोमध मोठी गाठ असलेली रीप दगडाचं वजन सहज झेलते आणि कारागिराच्या पायाखाली मात्र काडकन मोडते. म्हणूनच ब्रिटिश मानकात रिपेच्या गाठी, चिरा, वाकडेपणा यांची मोजमापं दिली आहेत, आणि प्रत बघून छाप मारलेल्याच रिपा घ्याव्यात असा आग्रह आहे. बाजारात निळ्या, लाल, सोनेरी रंगाच्या रिपा मिळतात. तो रंग कंपनीचा असतो. रंग म्हणजे दर्जा नव्हे. छाप वाचायची.

खिळ्याचा हिशेबही साधा आहे. २५ मिलिमीटर रीप ओलांडून खिळा वाशात निदान ४० गेला पाहिजे, म्हणून गुळगुळीत खिळा ६५ मिलिमीटरचा, ३.३५ जाडीचा आणि जस्ताचा मुलामा दिलेला. रीप किमान १२०० मिलिमीटर लांब हवी, म्हणजे तीन वाशांना धरते. दोन वाशांना कशीबशी टेकलेला तुकडा मधे घालू नये. सांधा वाशाच्या मध्यावरच यायला हवा, अधांतरी नको. आणि सगळे सांधे एकाच वाशावर रांगेत येऊ द्यायचे नाहीत, साधारण चार रिपांत एक. कारण रिपा नुसते दगड धरत नाहीत, त्या वाशांनाही एकमेकांशी बांधतात. सांधे एका रेषेत आले की छपराला जणू शिवण उसवावी तशी जागा मिळते.

आता अस्तराकडे येऊ. इथं समज-गैरसमज सगळ्यात जास्त आहेत, म्हणून जरा थांबू.

पूर्वी अस्तर नव्हतंच. इंग्लंड-वेल्समध्ये स्लेट रिपांवर ठोकली की आतून, पोटमाळ्यातून, चुन्याच्या गिलाव्यात जनावरांचे केस कालवून तो दगडांच्या पाठीला दाबत. फटी बुजायच्या, वारा थांबायचा. पण तो चुना ओल धरायचा आणि ती रिपेला द्यायचा. पुढं चुना सुटून माळ्यावर पडायचा आणि रीप कुजलेली असायची. स्कॉटलंडमध्ये वाट वेगळी. तिथं वाशांवर फळ्याच जवळजवळ ठोकतात आणि स्लेट थेट फळीवर, रीप नाहीच. बालाहुलिशसारख्या खाणींचा दगड लहान आणि जाड असे. ती खाण १९५५ ला बंद झाली. त्या दगडाला माथ्याशी एकच खिळा मारत. त्यामुळे एखादा दगड फुटला तर शेजारचे दगड बाजूला फिरवून नवा बसवता येतो. ही युक्ती आम्हाला फार आवडते, दुरुस्तीचा विचार बांधतानाच केलेला आहे. पुढं विसाव्या शतकात डांबर पाजलेलं जाड फेल्ट आलं, आणि अलीकडच्या काळात वाफ जाऊ देणारी हलकी पडदी.

अस्तराचं पहिलं काम पाणी अडवणं, असं बहुतेकांना वाटतं. ते काम मुख्यतः दगडांनी करायचं असतं. वादळात फटीतून उडणारा पाऊस, भुरभुरणारं बर्फ, एखादा फुटलेला दगड एवढ्यापुरती अस्तराची मदत. त्याचं मोठं काम वाऱ्याशी आहे. छपरावरून वारा जातो तेव्हा आढ्याजवळ आणि वाऱ्याच्या पलीकडच्या पाख्यावर ओढ तयार होते, आणि घरातली हवा खालून वर रेटते. स्लेटचा थर फटींचा, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब बराचसा जुळून जातो. उरलेला रेटा कुणावर येतो? अस्तरावर. ते फुगतं, दगडांच्या पाठीला लागतं आणि दगड उचलून धरतं. २०१४ मध्ये ब्रिटिश मानक सुधारलं, तेव्हा या फुगण्याकडे विशेष लक्ष दिलं गेलं : कुठल्या वाऱ्याच्या भागात, रिपांच्या किती अंतराला कुठलं अस्तर चालेल, हे त्याच्या वेष्टनावर असतं. ते वाचल्याशिवाय गुंडाळी उघडू नये. आणि अस्तराच्या दोन पट्ट्यांचा चढ नेहमी एखाद्या रिपेखाली दाबला गेला पाहिजे. तसा येत नसेल तर जास्तीची रीप ठोका किंवा चिकटपट्टी लावा. मोकळी कड वाऱ्याला देऊ नका.

पट्ट्या आडव्या, वळचणीपासून वर अंथरतात. वरची पट्टी खालचीवर चढते, म्हणजे पाणी कौलासारखंच पुढं पुढं उतरतं. अस्तर वाशावाशांवर टाकलेलं असेल आणि उतार १५ ते ३४ अंशांचा असेल, तर हा चढ १५० मिलिमीटर. ३५ अंश आणि त्यापुढं १०० पुरतो.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट. अस्तर ढोलासारखं ताणायचं नसतं. दोन वाशांच्या मधे त्याला थोडा झोळ द्यायचा, १० मिलिमीटरच्या आसपास, १५ च्या वर नको. का? अस्तरावर आलेलं पाणी उतारानं खाली निघतं आणि त्याच्या वाटेत दर २०० मिलिमीटरला एक आडवी रीप आहे. अस्तर ताठ असेल तर रीप त्याला टेकलेली, म्हणजे बांधच झाला की! पाणी रिपेमागं साचतं, रीप भिजते, आणि जिथं जिथं खिळा अस्तरातून गेला आहे तिथं ते आत उतरतं. झोळ असला की वाशांच्या मधोमध रिपेखाली फट राहते आणि पाणी तिथून सरळ वळचणीकडे जातं. वाशावर, म्हणजे जिथं खिळा आहे तिथं, ते थांबत नाही. शेतात आडव्या बांधाला सांडवा ठेवतो ना, तसंच हे.

मग वाशांवर फळ्या असतील तर काय? किंवा वाशांच्या वर उष्णतारोधक ताव टाकले असतील तर? तिथं अस्तर सपाट फळीवर पडतं, झोळ देताच येत नाही. अशा वेळी अस्तरावर आधी वाशांच्या रेषेत उभ्या रिपा ठोकायच्या आणि मग त्यांच्यावर आडव्या. उभ्या रिपेच्या जाडीएवढी जागा मोकळी राहते, त्यातून पाणीही जातं आणि हवाही. खर्च वाढतो, छप्पर तेवढं उंच होतं, शेजारच्या घराशी कड जुळवताना डोकं खाजवावं लागतं, हे सगळं खरं. म्हणूनच ठेकेदाराच्या कागदातून पहिल्यांदा गळते ती ही उभी रीप. तुमच्या घराला फळ्या असतील तर तेवढं विचारून घ्या.

आता वाफ. स्वयंपाक, अंघोळ, वाळत घातलेले कपडे, झोपलेली माणसं यांची सगळी वाफ वर माळ्यात जाते. थंडीच्या रात्री स्लेट आणि तिच्याखालचं अस्तर गार पडतं, आणि गार पेल्यावर थेंब यावेत तसे अस्तराच्या आतल्या बाजूला थेंब येतात. मग लोक म्हणतात छप्पर गळतंय, आणि मिस्त्री वर चढून कोरडे दगड बघून खाली उतरतो. डांबरी फेल्टमधून वाफ जवळजवळ जात नाही, म्हणून तिथं वळचणीला हवा शिरायला सलग फट लागते. माळा थंड असेल आणि उतार १५ अंशांहून जास्त असेल, तर १० मिलिमीटरची. पुढं कुणीतरी उष्णतेसाठी माळ्यावर लोकरीचे जाड थर अंथरतो आणि नेमकी हीच फट बुजवतो. असे कुजलेले वासे फार बघायला मिळतात.

ब्रीदेबल पडदी हा यावरचा उपाय म्हणून आली. ती वाफ सोडते हे खरं, पण तिच्यावर स्लेट दाट बसलेली असते आणि त्या दोन थरांमधे हवा फारशी फिरत नाही. वाफ पडदीतून बाहेर आली आणि दगडाखाली अडकली, तर काय उपयोग? त्यामुळे 'ब्रीदेबल आहे, आता फटी नकोत' हे वाक्य आम्ही सहजी मान्य करत नाही. खालचं छत, विशेषतः दिव्यांची भोकं आणि माळ्याचं झाकण, घट्ट हवंच. आणि वर हवेला वाट ठेवणं केव्हाही चांगलं.

जाता जाता एक गोष्ट. या पडदीच्या वरच्या थरातले धागे वटवाघळांच्या नख्यांनी निघतात आणि वटवाघळं त्यात गुरफटून मरतात. ब्रिटनमध्ये वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे ती राहतात त्या जुन्या छपरांना सरसकट कुठलीही नवी पडदी लावता येत नाही, तिथं जुनं डांबरी फेल्ट अजून मान धरून आहे.

वळचणीशी दोन शब्द. अस्तराचं शेवटचं टोक पन्हळीत पोचलं पाहिजे, पण ते तिथं उन्हाला उघडं पडतं आणि ऊन पडदीला काही महिन्यांत खाऊन टाकतं. म्हणून शेवटची पट्टी टिकाऊ, उन्हाला न बधणारी घालतात किंवा खाली प्लास्टिकची ताठ पट्टी देतात. ताठ आधार नसेल तर वळचणीच्या फळीमागं अस्तराची खोळ होते आणि तिच्यात पाणी साठतं. तिथलीच पहिली रीप कुजते. शिवाय वळचणीची फळी किंचित उंच ठेवतात, म्हणजे पहिल्या ओळीची शेपटं थोडी उचलली जातात आणि वरच्या ओळी त्यांच्यावर घट्ट दाबून बसतात. पहिल्या ओळीखाली आणखी एक आखूड ओळ असते, आपल्या हिशेबात ३०० मिलिमीटर लांबीच्या दगडांची, कारण तिथंही फटीखाली दगड हवाच. तिच्यासाठी एक वेगळी रीप लागते, ती विसरू नका.

ब्रिटनमधले जुने मिस्त्री खिळ्यांच्या आजाराबद्दल बोलतात. दगड शंभर वर्षांनंतरही खणखणीत असतो, टिचकी मारली तर घंटेसारखा वाजतो, पण लोखंडी खिळे गंजून झिजलेले असतात आणि एकेक दगड घसरून पन्हळीत येतो. अशा छपरावर सुटे दगड परत अडकवत बसण्यात अर्थ नसतो. सगळं उतरवायचं, नव्या रिपा, नवं अस्तर, तांब्याचे खिळे, आणि तोच दगड परत चढवायचा. चढवताना जाडीप्रमाणे तीन ढीग करतात, जाड वळचणीला, पातळ आढ्याकडे. एका ओळीत जाड-पातळ मिसळले तर वरचा दगड कधीच टेकत नाही.

आता प्रश्न घेऊ.

एक श्रोता विचारताहेत की जुनं फेल्ट न काढता, पोटमाळ्यातून दगडांच्या पाठीवर फोम फवारून मिळतो, तो करावा का. आमचं उत्तर, करू नये. फोम दगड, रीप आणि वासा एकमेकांना चिकटवून टाकतो. मग ओल दिसत नाही, वाळत नाही, आणि पुढं एकही दगड धड काढता येत नाही. जुन्या चुन्याच्या लेपाचाच हा दोष होता, इथं तो जास्त पक्का होऊन आला आहे. ब्रिटनमध्ये फोम लावलेल्या घरावर गृहकर्ज द्यायला काही बँका कां-कू करतात, त्याचं कारण हेच.

दुसरा प्रश्न रत्नागिरीहून आहे, ताई विचारताहेत की हीच पडदी आपल्या मंगलोरी कौलांखाली घालावी का. घालता येते, पण जागा सांभाळून. ती वाशांवर आणि रिपांच्या खाली गेली पाहिजे. रीप आणि कौल यांच्या मधे कागद सरकवला, तर कौलाचे कान नीट अडकत नाहीत आणि प्रत्येक रिपेमागं पाणी साठतं. वाशांवर फळ्या असतील तर उभ्या रिपा इथंही लागतील, कोकणच्या पावसात तर नक्कीच. टोक भिंतीच्या बाहेर, पागोळीपर्यंत न्या. घरात काचेचं कौल असेल तर त्याच्याखाली काय करणार ते आधी ठरवा. पडदी तशीच नेली तर उजेड जाईल, आणि तेवढ्या चौकोनात ऊन लागून ती फाटेल. चूल अजून पेटत असेल तर धुराला वाट ठेवा.

आणखी एक. पूर्वी वानरानं कौल फोडलं की पहिल्याच सरीला घरात टिपटिप सुरू व्हायची आणि आपण त्याच दिवशी वर चढायचो. पडदी घातल्यावर ती टिपटिप ऐकू येणार नाही. फुटक्या कौलाखालची रीप पूर्ण पावसाळा भिजत राहील आणि तुम्हाला दिवाळीपर्यंत पत्ता लागणार नाही. त्यामुळे पडदी घातली म्हणून मे महिन्यात कौलं चाळायचं काम सोडू नका. आणि पावसाळ्यातही उघडीप मिळाली की अंगणातून एकदा सगळ्या पाख्यांवरून नजर फिरवत जा.